लिनक्सवर मराठी टायपिंग, आणि सोबत टिंबं-रेघांची परदेशी अक्षरं: पहिल्यापासून सगळा सेटअप

लिनक्स टाकलं, वायफाय चाललं, आता मराठीत कसं लिहू, हा प्रश्न नवीन माणसाला पहिल्या आठवड्यातच पडतो. बहुतेक जण ब्राउझरमध्ये एखादी ट्रान्सलिटरेशनची वेबसाइट उघडतात, तिथे टाइप करतात, कॉपी करतात आणि हवं तिथे पेस्ट करतात. चार ओळींसाठी ठीक आहे, पण रोज लिहिणाऱ्याला हे फार त्रासाचं आहे, आणि गरजही नाही, कारण लिनक्समध्ये मराठीची सोय आधीपासून आहे, फक्त ती चालू करायची असते आणि ती नेमकी कुठे आहे हे कोणी एका जागी नीट सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. जी भाषा तुम्ही पानंच्या पानं लिहिता तिच्यासाठी वेगळा कीबोर्ड लेआउट लावायचा. जी अक्षरं अधूनमधून लागतात, म्हणजे जर्मनचं यू वर दोन टिंबं, फ्रेंचचं ई वर तिरकी रेघ, रुपयाचं चिन्ह, त्यांच्यासाठी कंपोझ की. जर्मनीत शिकायला गेलेली मुलं चार अक्षरांसाठी अख्खा जर्मन लेआउट लावतात आणि मग वाय आणि झेडची जागा बदलली म्हणून वैतागतात. तसं करायची गरज नसते.

टर्मिनलच्या कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या.

काय काय लागेल

- चालू लिनक्स मशीन. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट, काहीही चालेल
- पॅकेज टाकायची परवानगी, म्हणजे सुडोचा पासवर्ड (साधा इनस्क्रिप्ट वापरणार असाल तर हेही नको)
- देवनागरीचा एखादा चांगला फॉन्ट
- इनस्क्रिप्टचा तक्ता, एका कागदावर प्रिंट काढून
- लिब्रेऑफिस, तपासणीसाठी उपयोगी पडतं

१. आधी लेआउट ठरवा

हाच सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे आणि लोक तो न विचारता घेतात.

इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण लेआउट. १९९१ च्या भारतीय मानकात तो आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे जवळपास सारखाच मिळतो. ट्रान्सलिटरेशन म्हणजे इंग्रजी स्पेलिंग टाइप करायचं आणि मराठी अक्षर उमटायचं, त्यात आयट्रान्स, फोनेटिक, गमभन असे प्रकार आहेत. आणि टायपिंगच्या क्लासमध्ये ज्यांचा हात रेमिंग्टनवर बसलाय त्यांच्यासाठी रेमिंग्टनही आहे.

माझं स्पष्ट मत विचाराल तर रोज लिहिणार असाल तर इनस्क्रिप्ट शिका. सुरुवातीला बोटं अडखळतात, पण ट्रान्सलिटरेशनमध्ये प्रत्येक शब्दाचं मनात इंग्रजी स्पेलिंग करावं लागतं, ळ साठी कॅपिटल एल, ण साठी कॅपिटल एन, ट साठी कॅपिटल टी, आणि ते कायमचं मागे लागतं. महिन्यातून दोन ईमेल मराठीत लिहिणाऱ्याने मात्र खुशाल आयट्रान्स किंवा फोनेटिक घ्यावं.

इनस्क्रिप्टची रचना एकदा समजली की पाठांतर निम्म्याने कमी होतं. डाव्या हाताकडे काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताकडे व्यंजनं. डावीकडे साधी की दाबली की मात्रा येते आणि शिफ्ट धरून तीच दाबली की पूर्ण स्वर, म्हणजे ई वर काना आणि शिफ्ट-ई वर आ, एफ वर पहिली वेलांटी आणि शिफ्ट-एफ वर इ. उजवीकडे बऱ्याच ठिकाणी साधी की अल्पप्राण आणि शिफ्टसकट महाप्राण: के वर क आणि ख, एल वर त आणि थ, एच वर प आणि फ. हलंत, म्हणजे जोडाक्षर करणारा पाय मोडका, डी वर आहे आणि तोच सगळ्यात जास्त लागतो.

‘महाराष्ट्र’ लिहून बघा: सी (म), यू (ह), ई (काना), जे (र), ई (काना), शिफ्ट-स्वल्पविराम (ष), डी (हलंत), इंग्रजी एकेरी अवतरणाची की (ट), डी (हलंत), जे (र). जोडाक्षर आपोआप बनतं, तुम्ही फक्त उच्चाराच्या क्रमाने जायचं.

इथे टाइपरायटरवरून आलेली माणसं हमखास अडकतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधी मारतात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आधी क, मग वेलांटी. रफारही तसाच, ‘अर्क’ मध्ये अ, मग र, मग हलंत, मग क, रफार वर सरकून बसायचं काम फॉन्टचं.

२. लेआउट चालू करा

खिडक्या आणि मेनू दाखवणारा तुमचा डेस्कटॉप कुठला आहे त्यानुसार खालचं बघा.

ग्नोम (उबुंटू आणि फेडोरात सहसा हेच असतं): सेटिंग्ज उघडा, कीबोर्ड वर जा, इनपुट सोर्सेस मध्ये अधिकच्या चिन्हावर क्लिक करा, यादीत मराठी शोधा. लगेच दिसलं नाही तर खालच्या तीन टिंबांवर क्लिक करून पूर्ण यादी उघडा. मराठीखाली नसेल तर इंडियन नावाखालीही बघा. भाषा बदलायला सुपर की (विंडोजचं चित्र असलेली) आणि स्पेस.

केडीई: सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट्स, तिथे ॲड.

एक्सएफसीई: सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट टॅब, तिथली ‘यूज सिस्टिम डीफॉल्ट्स’ ची खूण आधी काढा, नाहीतर खालची सगळी बटणं फिकटच राहतात आणि माणूस विचार करत बसतो की माझ्याकडेच का चालत नाही.

कुठेही असा, यादीत इंग्रजी वर आणि मराठी खाली ठेवा. मराठी पहिलं ठेवलं तर काही प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही सारखे शॉर्टकट बंद पडतात, कारण त्यांना सी च्या जागी म दिसतो. शिवाय लॉगिन स्क्रीनवर मराठी चालू राहिलं तर पासवर्ड बरोबर टाकूनही चुकीचा म्हणतो, आणि तिथे अक्षरांऐवजी ठिपके दिसत असल्याने कळतही नाही. पासवर्ड अचानक चालेनासा झाला की आधी कोपऱ्यातली भाषेची खूण बघा.

साधा इनस्क्रिप्ट एवढ्यावर चालू होतो, काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. ट्रान्सलिटरेशन नको असेल तर पुढची पायरी सोडून द्या.

३. ट्रान्सलिटरेशन किंवा रेमिंग्टन हवं असेल तर

यासाठी इनपुट मेथड, म्हणजे दाबलेल्या कींचं मराठी अक्षरात रूपांतर करणारा वेगळा प्रोग्रॅम, लागते. ग्नोमवर ती आयबस नावाची असते आणि बहुधा आधीच चालू असते, तिला भारतीय भाषांचे तक्ते देणारं पॅकेज तेवढं टाकायचं. नाव आयबस (आय-बी-यू-एस), मग आडवी रेघ, मग एम-एक-सात-एन, म्हणजे एम आणि एन या दोन अक्षरांच्या मध्ये सतरा हा आकडा.

उबुंटू, डेबियन, मिंट: सुडो एपीटी इन्स्टॉल आयबस-एम१७एन
फेडोरा: सुडो डीएनएफ इन्स्टॉल आयबस-एम१७एन (आधीच असलं तर तसं सांगेल)

त्यानंतर ‘आयबस रीस्टार्ट’ ही कमांड द्या, किंवा त्याहून सरळ म्हणजे लॉगआउट करून परत लॉगिन करा. हे लोक करत नाहीत आणि मग यादीत काही आलंच नाही म्हणतात. परत आल्यावर इनपुट सोर्सेसच्या यादीत मराठीसमोर आयट्रान्स, फोनेटिक, इनस्क्रिप्ट असे पर्याय दिसतील.

केडीईवर आयबसपेक्षा एफसीआयटीएक्स-५ ही दुसरी इनपुट मेथड बरी चालते. तिचं एम१७एन चं पॅकेज वेगळं आहे ते टाका, आणि वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) वापरत असाल तर सिस्टिम सेटिंग्जमधल्या व्हर्च्युअल कीबोर्ड या पानावर एफसीआयटीएक्स निवडा. नावावरून वाटतं की हे पडद्यावरच्या कीबोर्डसाठी आहे, म्हणून कोणी तिथे बघतच नाही. मिंटमध्ये इनपुट मेथड नावाचं वेगळं टूलच दिलंय, तिथून करा.

४. फॉन्ट आणि ल-श चं मराठी वळण

अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. नोटो किंवा लोहित टाका, डेबियन-उबुंटूत लोहितचं खास मराठी पॅकेजही आहे. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त आणि आयआयटी मुंबईचा शोभिका हे दोन्ही मोफत आणि सुंदर आहेत. फॉन्टची फाइल होम फोल्डरमधल्या डॉट-लोकल, त्यातल्या शेअर, त्यातल्या फॉन्ट्स या फोल्डरमध्ये टाकली की झालं.

सगळं चालतंय पण ल आणि श हिंदी वळणाचे दिसतायत, अशी तक्रार बरेच जण करतात. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हवा. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना कोड एकच आहे, त्यामुळे दुसरं अक्षर शोधत बसू नका. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत तो फॉन्ट मजकुराची भाषा बघून वळण निवडतो. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मग भाषेच्या विभागात जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा आणि त्याची भाषा मराठी निवडा, तिथे हिंदी असेल तर मराठी मजकूरही हिंदी वळणात येतो. त्याच प्रोग्रॅममध्ये देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीच्या फॉन्टपासून वेगळा ठरतो, तेव्हा फॉन्ट बदलूनही मराठी अक्षर हलत नसेल तर कॅरेक्टरच्या खिडकीत कॉम्प्लेक्सचा रकाना बघा.

५. मराठीची अडणारी अक्षरं

इथे थोडं थांबून वाचा, कारण चुका इथेच होतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

ऱ्य, ऱ्ह. आचाऱ्याला बोलावलं आणि आचार्याला बोलावलं यात स्वयंपाकी आणि गुरू एवढा फरक आहे. ‘दऱ्या’, ‘वाऱ्याने’, ‘कुऱ्हाड’ मधला अर्धा र लिहायला खालचं टिंब असलेला ऱ घ्यायचा, इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट-जे वर आहे. मग डी, मग य ची की, म्हणजे प्रश्नचिन्हाची की शिफ्टशिवाय. साधा र घेतलात तर रफार येऊन ‘वार्याने’ होतं. इंटरनेटवर असं हजारो ठिकाणी दिसतं, आणि ते लिहिणाऱ्याला मराठी येत नाही म्हणून नाही, ऱ कुठे आहे हे कोणी सांगितलं नाही म्हणून.

ॲ. ॲप, ॲसिड, ॲडमिशन. मराठीत हे अ वर चंद्र देऊन लिहितात, हिंदीत ए वर चंद्र देऊन ऍ. जुन्या इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-१ वर हिंदीचं येतं. मराठी ॲ चा स्वतंत्र कोड (०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या तक्त्यांमध्ये तो नसतो. मग लोक अ टाइप करून त्यावर चंद्र मारतात. दिसायला अगदी तेच दिसतं पण कॉम्प्युटरसाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत, एकाने लिहिलेलं ‘ॲप’ दुसऱ्याच्या सर्चमध्ये सापडत नाही. तुमच्या लेआउटमध्ये ॲ नसेल तर पायरी ७ मधल्या कोडच्या पद्धतीने काढा.

बँक, लँडलाइन, फ्रँक. चंद्र आणि मग अनुस्वार अशा दोन की मारू नका. चंद्रबिंदू हे एकच चिन्ह आहे, शिफ्ट-एक्स वर.

तपासायचं कसं? लिब्रेऑफिसमध्ये अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा, अक्षराच्या जागी त्याचा कोड दिसतो, परत दाबलं की अक्षर परत. ॲ ला नुसता ०९७२ दिसला तर बरोबर, नाही तर ते जोडून केलेलं आहे. ही युक्ती मी कायम वापरतो, विशेषतः दुसऱ्याच्या फाइलवर काम करताना.

आकडे. काही लेआउटमध्ये थेट १२३ येतात, काहीत इंग्रजी. मजकुरात देवनागरी आकडे छान, पण वेबसाइटच्या फॉर्ममध्ये मोबाइल नंबर किंवा पिनकोड देवनागरीत टाकला तर बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि मेसेजही धड येत नाही. फॉर्म भरताना इंग्रजीवर या.

६. कंपोझ की

आता परदेशी अक्षरं. कंपोझ ही एक साधी की असते जी तुम्ही स्वतः नेमून द्यायची. ती दाबून सोडायची, मग दोन की एकामागोमाग दाबायच्या, की एक अक्षर तयार. धरून ठेवायची नाही, दाबून सोडायची.

ग्नोममध्ये सेटिंग्ज, कीबोर्ड, त्यात स्पेशल कॅरेक्टर एंट्री, त्यात कंपोझ की. केडीईत कीबोर्डच्या ॲडव्हान्स्ड किंवा की बाइंडिंग्ज मध्ये ‘पोझिशन ऑफ कंपोझ की’. एक्सएफसीईत लेआउटच्याच टॅबमध्ये.

कुठली की द्यायची? उजवा ऑल्ट शक्यतो देऊ नका. तोच ऑल्टजीआर असतो आणि मराठी लेआउटमधली तिसऱ्या थरातली चिन्हं त्याच्यावर अवलंबून असतात. कॅप्स लॉक वापरत नसाल तर तो द्या, किंवा उजवा कंट्रोल.

लागणारे क्रम, प्रत्येकाच्या आधी कंपोझ दाबून सोडायची आहेच:

- जर्मनची दोन टिंबं: दुहेरी अवतरण, मग ए, ओ किंवा यू
- जर्मनचा जोड-एस: एस, एस
- फ्रेंचची तिरकी रेघ: एकेरी अवतरण, मग ई. उलटी रेघ हवी तर एक आकड्याच्या डावीकडची की, मग ई
- सी खालची शेपटी: स्वल्पविराम, मग सी
- स्पॅनिश एन वरची नागमोडी रेघ आणि पोर्तुगीज ए वरची: नागमोडी रेघ, मग एन किंवा ए
- उलटं प्रश्नचिन्ह: प्रश्नचिन्ह दोनदा
- रुपया ₹: कॅपिटल आर, मग बरोबरचं चिन्ह
- युरो: कॅपिटल ई, मग बरोबरचं चिन्ह

व्हिसाच्या किंवा विद्यापीठाच्या अर्जात जर्मन पत्ता जसाच्या तसा टाकायचा असेल, गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या दस्तऐवजांतली नावं उतरवून घ्यायची असतील, तर एवढ्यात भागतं.

संस्कृत-मराठीचं रोमन लिप्यंतर करणाऱ्या अभ्यासकांनाही याचा मोठा उपयोग आहे, आणि त्यांच्यातल्याच कित्येकांना हे माहीत नसतं. दीर्घ आ साठी अंडरस्कोर, मग ए. ट, ड, ण, ष, ळ यांची खाली टिंब असलेली रोमन अक्षरं म्हणजे उद्गारचिन्ह आणि मग टी, डी, एन, एस, एल. तालव्य श साठी एकेरी अवतरण, मग एस. प्रबंधाची संदर्भसूची लिहिताना प्रत्येक अक्षर दुसरीकडून कॉपी करण्यात जो वेळ जातो तो सगळा वाचतो.

कंपोझ फक्त इंग्रजी लेआउट चालू असताना चालतं हे लक्षात ठेवा. मराठी चालू असेल तर तुम्ही यू दाबल्यावर ह जातो आणि क्रम जुळत नाही.

आणि लेआउटच्या यादीत ‘इंग्लिश यूएस, इंटरनॅशनल, विथ डेड कीज’ दिसेल, ते कोड लिहिणाऱ्यांनी टाळा. त्यात अवतरणचिन्ह दाबलं की लगेच उमटत नाही, पुढच्या अक्षराची वाट बघत बसतं. फक्त रुपया हवा असेल तर ‘इंग्लिश इंडिया, विथ रुपी’ घ्या, ऑल्टजीआर आणि ४ दाबलं की ₹.

७. कोडने अक्षर काढणे

कधीतरी लागणाऱ्या अक्षरासाठी: कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकदम दाबून सोडा, अधोरेखित यू दिसेल, मग कोड इंग्रजी आकड्यांत टाइप करा, मग स्पेस. ॲ ०९७२, ऱ ०९३१, ळ ०९३३, रुपया २०बी९. ग्नोमच्या प्रोग्रॅममध्ये आणि आयबस चालू असेल तिथे हे चालतं, केडीईच्या प्रोग्रॅममध्ये चालेलच असं नाही. लिब्रेऑफिसमध्ये कोड लिहून ऑल्ट-एक्स. विम मध्ये इन्सर्टमध्ये असताना कंट्रोल-व्ही, मग यू, मग कोड. ईमॅक्सवाल्यांना तर बाहेरचं काही लागतच नाही, कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबून देवनागरी-इनस्क्रिप्ट किंवा देवनागरी-आयट्रान्स निवडलं की आतल्या आत मराठी सुरू.

८. अडलं तर

एकाच प्रोग्रॅममध्ये मराठी येत नाही, बाकी सगळीकडे येतं: तो प्रोग्रॅम स्नॅप किंवा फ्लॅटपॅकचा आहे का बघा. हे प्रोग्रॅम बंदिस्त चालतात आणि कधी कधी त्यांना इनपुट मेथड सापडत नाही. त्याचं साधं पॅकेज टाकून बघा, किंवा ट्रान्सलिटरेशनऐवजी साधा इनस्क्रिप्ट लावून बघा, त्याला इनपुट मेथड लागत नाही म्हणून तो बहुतेक ठिकाणी चालतो.

जुन्या ऑफिसातून आलेली फाइल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो: ती युनिकोडमध्ये नाही. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी योगेश अशा जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठीची चित्रं बसवलेली असायची. तो फॉन्ट टाकून फाइल दिसेल पण सर्च होणार नाही, पुढे पाठवता येणार नाही. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करून घ्या आणि केल्यावर ऱ्य, रफार आणि पहिल्या वेलांट्या डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर तिथेच घसरतात.

टर्मिनलमध्ये काना-मात्रा सुट्या पडतात: मजकूर ठीक असतो, दाखवणारा टर्मिनल कमी पडतो. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतो आणि आपली जोडाक्षरं त्यात बसत नाहीत. तीच फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून खात्री करा. मात्र सगळीकडेच प्रश्नचिन्हं दिसत असतील तर ‘लोकेल’ (एल-ओ-सी-ए-एल-ई) ही कमांड देऊन बघा, उत्तरात यूटीएफ-८ दिसायला हवं.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून येणाऱ्या काळ्या कन्सोलवर मराठी वाचायचा प्रयत्न करू नका. तिथल्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार बसतात आणि अक्षरं जोडायची सोयच नाही. म्हणून फाइलींची नावं मराठीत ठेवा हवं तर, पण सिस्टिमचा पासवर्ड आणि युजरचं नाव इंग्रजीतच ठेवा, बिघाड झाल्यावर नेमकं त्याच कन्सोलवर जावं लागतं.

मॅकवाल्यांसाठी: सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, तिथे मराठी आहे, इन्स्टॉल काही नको. परदेशी अक्षरांसाठी ई किंवा यू ची की दाबून धरली की वर पर्याय येतात, किंवा ऑप्शन-यू आणि मग यू म्हणजे दोन टिंबं, ऑप्शन-एस म्हणजे जर्मनचा जोड-एस.